जळकोटपलीकडची सोन्याची खाण

सोलापूरहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत हातोडी, मोजपट्टी, भिंग, दोन कापडी थैल्या, क्विनाइनच्या गोळ्या आणि एक पांढरा दगड एवढ्या वस्तू होत्या. दगड माझा नव्हता. तो दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा होता, आणि त्यांना तो विनायकराव नावाच्या, सदा छत्री बाळगणाऱ्या एका तंबाखूच्या दलालाने दिला होता. लिंबाएवढा दगड आणि त्यात केसासारखी पिवळी रेघ. ओळखीच्या सोनाराकडून मी ती कसाला लावून घेतली होती. सोने खरे निघाले. दाजींना त्याचा आनंद झाला आणि माझा संशय दुप्पट झाला.

विनायकरावांचे म्हणणे असे, की मोगलाईत (निजामाच्या मुलखाला आम्ही सोलापूरकर मोगलाईच म्हणत असू) जळकोटच्या पलीकडे एका खेड्याबाहेर जुन्या राजांच्या वेळच्या सोन्याच्या खाणी आहेत. त्यांची तोंडे अजून दिसतात. सरकारातून ठेका मिळण्याच्या बेतात आहे, फक्त भागीदार हवेत. दिवस लढाईचे होते. सूत मिळत नव्हते आणि दाजींचे हातमाग आठवड्यातले निम्मे दिवस मुके असत. त्यांनी माग जागेसकट विकून खाणीत भागी घ्यायचे ठरवले होते. गिऱ्हाईकही बघून ठेवले होते. पाडव्याला व्यवहार व्हायचा होता. मागांवर बसणारी विणकरांची कुटुंबे मागच्याच आवारात राहत. त्यांनी कुठे जायचे, याचा विचार दाजींनी खाण सुरू झाल्यावर करायचा म्हणून ठेवला होता.

"तू जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये," अक्का मला म्हणाली. "तुझ्यासारखा माणूस हो म्हणाला तर मी गळ्यातलंही काढून देईन. नाही म्हणालास तर ह्यांना थांबवायचं माझ्याकडे लागलं."

"हा कसला हो म्हणतोय," दाजी आतून म्हणाले. "भाजी घेताना काटा उलटा करून बघणारा माणूस."

मी एका गिरणीच्या कोठारावर होतो. काटा उलटा करून बघणे हेच माझे काम होते. चार दिवसांची रजा काढली आणि निघालो.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पाठीमागे शेगडी बसवलेली, क्लीनर मधूनमधून उतरून लोखंडी सळईने निखारे ढवळायचा, आणि चढ आला की आम्ही सगळे उतरून मोटारीच्या बाजूने चालायचो. कुणी विचारले तर नळदुर्गचा किल्ला बघायला जातो असे सांगायचे, हे मी आधीच ठरवले होते. शेजारच्या माणसाला सांगितले, त्याला पटले. करोडगिरीच्या नाक्यावर (निजाम सरकारच्या जकातनाक्यावर) मात्र ते अंगाशी आले.

कारकुनाने पिशवी उलटी केली. "ये क्या है?"

"हातोडी."

"किल्ला देखने जाते बोले ना? देखते कि तोडते?"

मागची माणसे हसली. मी दगडांचा अभ्यास करतो असे काहीतरी पुटपुटलो. त्याने पांढरा दगड उचलून उजेडात फिरवला. पिवळ्या रेघेवर मी आदल्या दिवशीच चुना लावून ठेवला होता. त्याने दगड ठेवला, पण एका वहीत उर्दूत दोन ओळी लिहिल्या, माझ्याकडे पाहिले आणि आणखी एक ओळ लिहिली. ती अक्षरे मला येत नव्हती. आपल्याबद्दल कुणीतरी काही लिहिले आहे आणि ते वाचता येत नाही, ही गोष्ट मला नळदुर्ग येईपर्यंत टोचत राहिली. किल्ल्याची काळी भिंत मोटारीतून दिसली तेवढीच. उतरलो नाही.

जळकोटला उतरलो तेव्हा ऊन चांगले तापले होते. रस्त्याकडेच्या हॉटेलात गुळाचा चहा घेतला आणि त्या गावाची वाट विचारली. गावाचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे कळेल.

"तिकडं कशाला?" हॉटेलवाला म्हणाला.

"काम आहे."

"कसलं काम?"

बाकावर गप्पा मारणारे तिघे गप्प झाले. मी आणखी एक चहा मागितला. तो येईपर्यंत त्यांतला एक उठून बाहेर गेला आणि परतला तो एका उंच, दाढीला मेंदी लावलेल्या गाडीवानाला घेऊन.

"सलाम साहेब. मी इमामभाई. गाव माझंच हाय. चला, सोडतो."

"मी गाडी सांगितली नव्हती."

"मग काय चालत जाता? लई ऊन हाय."

भाड्याचे ते काही बोलेनात. मला तेही आवडले नाही. पण दुसरी गाडी नव्हती.

वाटेत विचारायला मी बरेच प्रश्न तयार ठेवले होते. पण विचारायचे काम इमामभाईंनीच केले. कुठल्या खात्यात? लग्न झालंय का? तहसीलात कुणाची ओळख? पिशवीत वाजतंय ते काय? मी बेताची उत्तरे देत होतो आणि मुलूख बघत होतो. ज्वारीची काढणी होऊन गेलेली, काळी राने उघडी पडलेली, बांधावर पळस फुललेला. मधूनमधून उतरून मी खडक फोडून पाहिला. सगळा काळा. कुठे पोकळीत साखरेसारखे पांढरे कण होते, पण माझ्या पिशवीतल्या दगडासारखे काही नाही.

इमामभाई बैलांना थांबवून बघत राहायचे. तिसऱ्यांदा चढलो तेव्हा म्हणाले, "साहेब, सोलापुरात दगड मिळंना झालेत व्हय?"

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला खटकली. गाव जवळ येईल तशा कडब्याच्या गंजी दिसू लागल्या, घरापेक्षा उंच. पण खळी झाडून लख्ख केलेली. कोठारावरच्या माणसाला एवढा हिशेब कळतो: एवढा कडबा असेल तर त्याच्या जोगता दाणाही निघाला असणार. तो कुठे होता? मी विचारले.

"लेव्ही," इमामभाई म्हणाले आणि बैलांच्या शेपट्या पिळल्या. लेव्ही म्हणजे लढाईच्या दिवसांत सरकार शेतकऱ्याकडून सक्तीने घेत असे ते धान्य. "सगळं नेलं. दाणा न्हाय राहिला गावात."

गावात शिरलो तसे दारे लागत गेली. एक बाई सूप घेऊन पाखडत बसली होती, ती सुपासकट आत गेली. पाटील शरणप्पा कट्ट्यावर उभेच होते. चाळिशीचे, कपाळाला भस्म, आवाज मऊ. इमामभाईंशी ते कानडीत काही बोलले. दोघांनीही माझ्या पिशवीकडे पाहिले.

ओसरीवर बसल्यावर मी सरळ खाणींचेच विचारले. आडवळणाला वेळ नव्हता. मला वाटले होते, ते नाकारतील, किंवा कुठल्या खाणी म्हणतील.

"हायत की," पाटील लगेच म्हणाले. "राजाच्या टायमातल्या सोन्याच्या खाणी. आत इखारी हवा हाय. उतरला तो वर आला न्हाय."

इतक्या चटकन कबूल झालेली गोष्ट मी सहसा मान्य करत नाही. पाणी प्यायला आडाकडे गेलो तिथे एका म्हाताऱ्याला विचारले. "राजाच्या टायमातल्या सोन्याच्या खाणी. आत इखारी हवा हाय. उतरला तो वर आला न्हाय." पुढे शिंप्याने तेच सांगितले, त्याच शब्दांत, पाठ म्हटल्यासारखे. आता माझी खात्रीच झाली. विनायकरावाने सगळे गाव पढवून ठेवले होते, आणि पाटलांचा त्यात वाटा होता.

जेवायला हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) होते, वर लसणीचा तिखट गोळा. वाढायला पाटलांची आई आली, गंगव्वा. पांढरे केस, हातात हिरव्या चुड्याऐवजी एकच चांदीचे कडे, आणि बोलणे थेट. "पाव्हण्याला माडग्यावर बसवायचं म्हंजे जीव लाजतो," ती म्हणाली. "पन हाय ते असं हाय." पाटील खाली बघून जेवत होते. मला वाटले, नाटक चांगले बसवले आहे.

सकाळी पुन्हा माडगेच पिऊन खाणी बघायला निघालो. पाटलांनी आधी सांगितले की वाटेत साप आहेत. मग म्हणाले, आज वार बरा नाही. मी पिशवी खांद्याला लावून उभा राहिलो, तेव्हा इमामभाईंना बरोबर घेऊन ते पुढे झाले.

गावाच्या उगवतीला मुरमाड उंचवटा आहे. त्यावर बाभळीचे काटे टाकून ठेवले होते आणि काट्यांखाली जागोजाग फरशीने झाकलेली तोंडे. तोंड एवढेच, की एक माणूस कसाबसा आत जाईल. पाटलांनी कडेचे एक उघडले. मी भिंगाने, मोजपट्टीने, जमेल तसे पाहिले. आत रांजणासारखी पोटात फुगलेली पोकळी होती. भिंती गुळगुळीत, मुरमाच्या, दगडाची शीर कुठेच नाही. मी खडा टाकला. थोड्याच खोलीवर मऊ आवाज झाला.

"आता हवा बघा," पाटील म्हणाले. त्यांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. हातभर गेला असेल नसेल, ज्योत आडवी झाली आणि विझली. हवा खरोखरच विषारी होती. वर एक वास आला, आंबूस, ओल्या मातीचा, किंचित दारूसारखा.

"खाण खणली तर फोडलेला दगड बाहेर टाकावा लागतो," मी म्हणालो. "त्याचे ढीग कुठे आहेत?"

पाटलांनी इमामभाईंकडे पाहिले. इमामभाई म्हणाले, "राजाचे लोक होते साहेब. झाडून घेत असतील."

मी हसलो नाही. बाकीची तोंडे उघडा म्हणालो, तर पाटील म्हणाले, इतक्या वर्षांच्या फरश्या, हलायच्या नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याच फरश्यांच्या कडेला लावलेला चिखल ताजा होता. वाळून भेगा पडल्या होत्या, पण एका पावसाळ्यानेही तो धुतलेला नव्हता. ते मी पाहिले आणि बोललो नाही. माझा तर्क असा, की आत पांढरे दगड आणून पेरले आहेत, आणि भागीदार आले की फरश्या उघडायच्या.

दुपारी पानात ज्वारीची भाकरी आली.

पांढरी, पापुद्रा सुटलेली, शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं. पाटलांचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला. त्यांनी आईला कानडीत काही विचारले. गंगव्वा मराठीत म्हणाली, ते मला कळावे म्हणूनच असावे: "दोन येळा माडगं प्याला. तिसऱ्या येळेला बी तेच वाढू? लोक काय म्हणतील ते म्हणू देत, मला देवाला तोंड दाखवायचं हाय."

मी घास मोडला आणि तोंडाजवळ नेता नेता थांबलो. आंबूस, ओल्या मातीचा वास. सकाळी त्या भोकातून आला होता तोच. खाण्याला वाईट नव्हता, उलट चव खमंग होती. पण कालपर्यंत दाणा नसलेल्या गावात ही भाकरी आली कुठून, आणि तिला खाणीचा वास का?

जेवण झाल्यावर सगळे कलंडले. मी पिशवी तिथेच ठेवली, म्हणजे कुणाला शंका यायची नाही, आणि एकटाच उंचवट्यावर गेलो. एका फरशीपाशी गुडघे टेकून बसलो. चिखलाच्या भेगेतून मुंग्यांची रांग निघाली होती. गिरणीत सुताला लावायच्या खळीसाठी पीठ साठवत असू, तिथे मुंग्यांच्या रांगा बघूनच मी फुटलेले पोते शोधत असे. खिशातले भिंग काढले. प्रत्येक मुंगीच्या तोंडात ज्वारीची कणी होती. भेगेत कडब्याचे टोक दिसत होते. ओढून पाहिले, तर कडबा आत खोलवर लावलेला.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. भात कणगीत साठवणारे. जमिनीत खड्डा खणून, कडब्याचे अस्तर लावून त्यात ज्वारी पुरून ठेवतात आणि त्याला पेव म्हणतात, हे मी ऐकून होतो. पाहिले कधी नव्हते. तिथे गुडघ्यांवर बसल्या बसल्या सगळे जुळले. पाटलांनी उघडले ते रिकामे पेव होते, पण तळच्या उरल्यासुरल्या दाण्याने कोंडलेली हवा बिघडली होती; ढीग नाहीत का, खळी स्वच्छ का, तेही कळले.

"मुंग्या बी लिहून न्यायच्या असत्यात का साहेब सरकारात?"

मागे इमामभाई उभे होते. हातात कोयता होता. तो बाभळी तोडायचा होता असे त्यांनी मला नंतर सांगितले. त्या वेळी ते मला माहीत नव्हते.

"चला," ते म्हणाले. "पाटील बसलेत."

ओसरीवर पाटील होते, गंगव्वा उंबऱ्यात. माझी पिशवी उघडी, हातोडी आणि मोजपट्टी बाहेर मांडलेली.

"आता काय ते बोला," पाटील म्हणाले. आवाज मऊच होता. "किती पोती लिहून घेतली?"

"पोत्यांचं मला काय करायचंय? विनायकरावाशी तुमचा वाटा किती ठरला ते सांगा."

"कोन विनायकराव?"

"ज्याने तुम्हाला हे पाठ करायला दिलं. राजाच्या टायमातल्या खाणी."

"ते मी पाठ करून घेतलं गावाकडून," पाटील म्हणाले. "तुमच्यासारखे आले की सांगायला. लेव्हीवाले न्हाय का तुमी?"

"नाही," मी म्हणालो. मग मी पिशवीतून पांढरा दगड काढला, नखाने चुना खरवडला आणि मधे ठेवला. दाजींचे माग, विनायकराव, पाडवा, सगळे सांगितले. एवढे सलग मी त्या प्रवासात पहिल्यांदाच बोललो.

दगड तिघांच्या हातांतून फिरला. गंगव्वाने उजेडात नेऊन पाहिला. "असला दगुड आमच्या शिवारात न्हाय," ती म्हणाली. "असता तर उंबऱ्याला न्हाय का लावला असता?"

पाटलांना मात्र काही आठवू लागले होते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला तंबाखूच्या सौद्यासाठी छत्रीवाला एक माणूस गावात आला होता. एक पेव तेव्हा हवा जायला उघडे ठेवले होते. ते त्याने पाहिले आणि विचारले, हे काय आहे?

"लेव्हीचं मानूस असंल असं वाटलं मला," पाटील म्हणाले. "विहीर म्हणालो असतो तर पानी मागितलं असतं."

"कबर म्हणाला असता तर पुढच्या साली उरूस भरला असता," इमामभाई म्हणाले.

"म्हणून तोंडाला आलं ते बोललो. सोन्याची खाण. म्हटलं, ह्याला काय खरं वाटतंय."

"वाटलं?"

"लई खूश झाला. जाताना पाया पडला माझ्या."

इमामभाई हसू लागले आणि मग मीही हसलो. पाटील हसले नाहीत. गंगव्वाने मला विचारले, "त्या मागांवर किती घरं हायत?"

मी सांगितले. कोण कोण राहते, कुणाची किती पोरे, तेही सांगितले.

तिने दगड खाली ठेवला. मग मुलाला म्हणाली, "आपलं खोटं सोलापूरपातूर गेलं म्हणायचं. तिथल्या लोकांचं घर मोडाया निघालं." आणि माझ्याकडे वळून, "सांगून टाका तुमच्या दाजीस्नी. पेव हाय म्हणावं."

"आई," पाटील म्हणाले, "ह्यातच बी हाय. ह्यातच वर्सभराचं खाणं हाय, सगळ्या गावाचं. उद्या गाड्या आल्या की पुढच्या पेरणीला काय पेरायचं?"

दाजींना मी चांगला ओळखत होतो. सुताच्या रांगेत उभे राहून ते घरातली भाजीसुद्धा सांगत. आज त्यांना पेव कळले की संध्याकाळी विनायकरावाला कळणार, आणि विनायकरावाचा पाय रोज मोगलाईतल्या कचेऱ्यांत. पण पेव म्हटल्याशिवाय त्या खऱ्या सोन्यापुढे माझा शब्द टिकणार कसा?

"काळा खडक आहे, त्यात सोनं होत नाही, एवढं मी सांगेन," मी म्हणालो. "पेवाचं नाव निघणार नाही."

पाटील आत गेले आणि ताटलीत बेलाची पाने आणि भंडारा घेऊन आले. बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, म्हणजे शब्द पक्का. मी हात पुढे केला होता, पण गंगव्वाने ताटली बाजूला सारली.

"त्यानं पेवातलं खाल्लंय," ती म्हणाली. "त्याच्यावर आनखी शपथ कशाला?"

पाटलांना ते पटले असे दिसले नाही. मलाही वाटले, शपथ घेतली असती तर बरे होते. घेतलेली शपथ निदान मोजता येते.

निघताना तिने फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. मी हातोडीने काळ्या खडकाचे तुकडे काढून थैलीत भरले. जळकोटपर्यंत सोडायला इमामभाईच आले. मोटार आली तेव्हा माझ्या पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, ती शिदोरी नाक्याच्या आधी संपवा. वास वळखणारे असत्यात तिथं."

मी भाड्याचे पैसे काढले. त्यांनी घेतले नाहीत. हे गृहस्थ बोलल्याप्रमाणे खरेच सोडायला आले होते, हे मी तेव्हा कुठे मान्य केले.

मोटारीत, धुरात आणि धक्क्यांत, पाण्याशिवाय मी त्या सगळ्या भाकऱ्या कोरड्या खाल्ल्या. शेजारच्या बाईला माझी दया आली. "उपाशी व्हतास व्हय रे बाबा," ती म्हणाली आणि कांदा दिला.

नाक्यावर तोच कारकून होता. "किल्ला कैसा लगा?"

"मोठा आहे."

"पानी गिरता देखे क्या, महल पे से?"

किल्ल्याच्या बंधाऱ्यातल्या महालावरून पाणी पडते, हे मी ऐकले होते. दिवस उन्हाळ्याचे होते. "पाणी नव्हतं," मी म्हणालो. हा अंदाज होता.

त्याने थैली उघडली. "सफेद पत्थर ले के गये, काले ले के आये." मग रिकामे फडके उचलले. नाकाशी नेले. माझ्याकडे पाहिले, बराच वेळ. मागची माणसे खोळंबली होती.

"जवारी?"

"जळकोटात घेतली. भाकरी."

त्याने फडक्याची नीट चौकोनी घडी घातली, पिशवीच्या तळाशी ठेवली, वर काळे दगड रचले आणि पुढच्या माणसाला बोलावले. त्याने काय ओळखले आणि काय सोडून दिले, ते मला कळले नाही. वहीत या वेळी काहीच लिहिले नाही, एवढे मी पाहिले.

घरी दाजी पुढच्या खोलीत वाटच बघत होते. मी काळे दगड मांडले. खडक कसला, त्यात सोने का नसते, पांढरा दगड तिथला का नव्हे, सगळे क्रमाने सांगितले.

"आणि ती तोंडं? खाणीची तोंडं आहेत की नाहीत?"

"खड्डे आहेत."

"कसले?"

"जुने. आत विषारी हवा आहे. कंदील विझतो."

"विनायकरावही तेच म्हणतात," दाजी म्हणाले. "मग कसले खड्डे ते तू सांगत का नाहीस?" ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "काहीतरी लपवतोयस तू."

आयुष्यभर मी लोकांवर घेतलेले संशय बहुतेक फुकट गेले. दाजींनी माझ्यावर घेतलेला एकच, आणि तो अगदी बरोबर होता. मी खाली बघून दगड थैलीत भरले.

अक्काने शब्द पाळला. माग विकले गेले नाहीत. ती दारात बसून राहिली, पाडवा उलटून गेला, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. सूत तुटपुंजेच मिळत राहिले, पण माग चालत राहिले आणि मागच्या आवारातल्या चुली विझल्या नाहीत. विनायकराव नंतर फिरकले नाहीत. ते फसवत होते, की पाटलांच्या शब्दावर खरोखर विसंबून त्यांनी कुठूनतरी तो दगड मिळवला होता, हे मला आजही सांगता येत नाही. दाजी मात्र शेवटपर्यंत म्हणत, की खाण मी स्वतःसाठी राखून ठेवली आहे. सणावारी, पंगतीत, पाहुण्यांसमोर म्हणत. मी ऐकून घेई.

आता निजामाचे राज्य गेले, लेव्ही गेली, दाजीही गेले. हे लिहायला कुणाची हरकत नसावी. तरी गावाचे नाव लिहिताना लेखणी अडली, म्हणून राहू दिले. लिहून झाल्यावर अक्काला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"ते फडकं मी धुतलं होतं," ती म्हणाली. "दोनदा धुतलं तरी वास गेला नाही. तेव्हाच म्हटलं, हा कुणाच्या तरी घरी पोटभर जेवून आलाय आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवून आलाय."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं असतंस," अक्का म्हणाली. "आणि मग ह्यांनी तुला पंगतीत बोल लावले असते, तेव्हा मी गप्प बसले असते का?"